कढई एकच, वाटे दोन: लहान मुलासह जेवणाऱ्या घरासाठी तोंडी लावायच्या सोप्या भाज्या

घरात दीड-दोन वर्षांचं मूल असलं की रात्रीच्या स्वयंपाकाला एक सवय चिकटते. मोठ्यांसाठी एक भाजी, आणि मुलासाठी वेगळं काहीतरी मऊ, फिकट, बिनतिखटाचं. थोडे दिवस हे जमतं. मग करणारं माणूस थकतं, आणि मुलाचाही समज पक्का होतो की ताटातलं ते हिरवं-लाल प्रकरण मोठ्यांचं, आपलं नव्हे. म्हणून माझा आग्रह एकच आहे: भाजी एकच करा. मुलाचा वाटा कढईतून कधी बाहेर काढायचा आणि तो किती मऊ हवा, एवढंच वेगळं ठरवा. खाली दिलेली प्रत्येक भाजी याच हिशोबाने लिहिली आहे.

हे सगळं साधारण १ ते ३ वर्षांच्या, घरचं जेवण खाऊ लागलेल्या मुलांसाठी आहे. मुलाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला.

आधी पोत, मग चव

मूल भाजी थुंकतं तेव्हा आपण म्हणतो, चव आवडली नाही. पुष्कळदा चवीचा काही संबंध नसतो. भाजी चावताच आलेली नसते. पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांच्या दरम्यान येतात आणि त्यांच्या मागच्या दुसऱ्या दाढा २३ ते ३३ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे दीड वर्षाच्या मुलाकडे पुढचे चावे घेणारे दात असतात, पण दळायचं काम करणारं जातं अर्धंच बसलेलं असतं. पालकाचं अख्खं पान तोंडात घेतलेलं मूल नीट बघा. ते चावतं, पान तुटत नाही, टाळूला चिकटतं, मग जीभ बाहेर येते आणि पाठोपाठ हिरवी लांब दोरी. त्याचं पालकाशी वैर नसतं. पान लांब होतं, एवढंच.

म्हणून मुलाच्या वाट्याची एकच परीक्षा घ्यायची: तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलका दाबायचा. विशेष जोर न लावता तो चेपला गेला, तर हिरड्या आणि जीभ मिळूनही त्याला चेपू शकतात. बोटाला दडस लागला तर आणखी शिजवायचा. मोठ्यांना आवडणारी किंचित करकरीत भाजी या परीक्षेत नापास होते, म्हणून मुलाचा वाटा बऱ्याचदा भांड्यात थोडा जास्त वेळ राहतो.

आकाराचंही एक गणित आहे. एक वर्षाच्या आसपास काही मुलं अजून अख्ख्या मुठीत धरतात, तेव्हा मुठीबाहेर टोक राहील अशी बोटभर लांबीची मऊ फोड सोयीची पडते. पुढे चिमटीत धरता येऊ लागलं की लहान तुकडे चालतात. दोन वर्षांनंतर छोटा काटा हातात द्या. काट्याने भोसकायला मिळतं म्हणूनही कितीतरी फोडी पोटात जातात.

घशात अडकण्याच्या धोक्याबाबत मात्र तडजोड नको. कच्च्या गाजराच्या चकत्या किंवा तुकडे, अख्खे चेरी टोमॅटो, अख्खे दाणे आणि सुकामेवा, पॉपकॉर्न, कोणताही कडक, गोल, गुळगुळीत तुकडा या वयात देऊ नये. चेरी टोमॅटो उभे चार भाग करून द्यायचे. गाजर कच्चं द्यायचंच असेल तर बारीक किसून. मटार आणि मक्याचे दाणे सुरुवातीला चमच्याच्या पाठीने चेपून. मुलाने बसून खावं, पळताना किंवा आडवं होऊन नव्हे, आणि समोर मोठं माणूस हवं. मूल खोकतं, ओकारी काढल्यासारखा आवाज करतं, चेहरा लाल होतो, तेव्हा बहुतेक वेळा घास स्वतःच पुढे ढकलण्याची ती धडपड असते. आवाजच बंद झाला, खोकता येईना, श्वास घेता येईना, तर ते खरं अडकणं. त्यावेळचे प्रथमोपचार घरातल्या प्रत्येक मोठ्याने आधीच शिकून ठेवावेत. ते हाताने करून बघण्यानेच येतात, वाचून नाही.

वाटा कोणत्या टप्प्यावर काढायचा

भाजीत चार गोष्टी पडतात: स्निग्ध, मीठ, तिखट आणि आंबट. चौघींची वेळ वेगळी.

स्निग्ध पदार्थ, म्हणजे तेल, तूप किंवा लोणी, सुरुवातीला आणि सगळ्यांसाठी. मुलाच्या वाट्यातून ते कमी करू नका. गाजर, लाल भोपळा, रताळं, पालक यांतलं बीटा-कॅरोटिन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) शरीरात शोषलं जायला स्निग्धाची जोड लागते. शिवाय कडवटपणा त्याने दबतो आणि घास घशाखाली सहज उतरतो.

मीठ मुलाचा वाटा काढल्यानंतर. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या सल्ल्यानुसार १ ते ३ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात जास्तीत जास्त २ ग्रॅम मीठ पुरे. चहाच्या सपाट चमच्यात साधारण ६ ग्रॅम मीठ मावतं, म्हणजे हा त्याचा तिसरा हिस्सा झाला, तोही दिवसभराचा. पाव, चीज, बिस्किटं यांतूनच त्यातलं बरंच पोटात गेलेलं असतं. भाजी बिनमिठाची दिली तर मुलाचं काही अडत नाही. अडतं ते आपलं, कारण आपण त्याच्या ताटातला घास चाखून बघतो आणि आपल्याला तो अळणी लागतो.

तिखटाचंही तसंच, पण वास देणारे मसाले वेगळे. जिरे, धणे, लसूण, आलं, दालचिनी, मिरपुडीची किंचित चिमूट, ओल्या हिरव्या पानांचा वास, हे मुलाला बेलाशक द्या. मुलाचं जेवण बेचव असावं असा नियम कुणीही केलेला नाही. फक्त मिरचीचा दाह टाळायचा.

आंबट सगळ्यात शेवटी, आणि याला स्वयंपाकाचं कारण आहे. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन उष्णतेने सुटतं, म्हणून भाजी मऊ पडते. आंबट वातावरणात ते सुटायला फार वेळ लागतो. टोमॅटोच्या रश्श्यात टाकलेला कच्चा बटाटा तासभर हटून बसतो तो यामुळेच. तेव्हा लिंबू, टोमॅटो, चिंच, दही, काहीही आंबट घालायचं असेल तर भाजी पूर्ण मऊ झाल्यावर. हिरव्या भाज्यांचा रंगही आंबटाने शेवाळी पडतो. रंग टिकावा म्हणून काही जण सोडा घालतात. तो घालू नका: भाजी लिबलिबीत होते आणि क जीवनसत्त्व व थायमिन (ब१ जीवनसत्त्व) वाया जातं.

गाजर: पहिली भाजी हीच करा

गोड, स्वस्त, बाराही महिने मिळणारी आणि चुकायला जवळपास जागा नसलेली ही भाजी आहे. चार जणांसाठी मध्यम आकाराची ५-६ गाजरं घ्या. सोलून बोटभर लांब, करंगळीपेक्षा थोड्या जाड फोडी करा. चकत्या नकोत, मोठ्यांनाही फोडीच वाढा, म्हणजे सगळ्यांच्या ताटात एकच वस्तू दिसते.

पसरट कढईत किंवा पॅनमध्ये एक मोठा चमचा लोणी वितळवा. फोडी घालून मिनिटभर परता, म्हणजे प्रत्येक फोडीला लोणी लागेल. अर्धी वाटी पाणी घाला, झाकण ठेवा, आच मध्यम. १० ते १२ मिनिटांनी झाकण काढून एक फोड दाबून बघा. चेपली की झाकण बाजूला ठेवून आच वाढवा. उरलेलं पाणी आटत जाईल, गाजराचा स्वतःचा गोडवा आणि लोणी मिळून चकचकीत पाक धरेल. आता दोन-तीन मिनिटं कढईपाशीच उभं राहा. बुडबुडे आधी मोठे आणि सैल असतात, मग बारीक आणि दाट होतात, आणि पाण्याच्या उकळीचा आवाज जाऊन परतल्याचा चुरचुर आवाज येऊ लागतो. त्या क्षणी मुलाच्या फोडी ताटलीत काढा. उरलेल्यांवर मीठ, मिरपूड, शेवटी लिंबाचे चार थेंब. साखर किंवा मध घालायची गरज नाही. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये. त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

याच पद्धतीने सलगम, मुळा, नवलकोल, कोवळे बटाटेही होतात. मुळ्याचा उग्रपणा लोण्यात शिजल्यावर इतका उतरतो की ओळखू येत नाही.

फरसबी: वाफ आणि वेळ

फरसबीचा अडथळा म्हणजे दातांखाली होणारा कचकच आवाज आणि कडेचा दोरा. दोन्ही टोकं मोडून दोरा निघतो का बघा, निघाला तर पूर्ण ओढा. शेंगा अख्ख्याच ठेवा किंवा दोन भाग करा. बारीक चिरलेली फरसबी मोठ्यांना चमच्यात घ्यायला बरी, पण मुठीत धरणाऱ्या मुलाच्या हातून ती सगळी सांडते.

पाव किलो शेंगांना एक मोठा चमचा तेल, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या. लसूण तेलात टाकून फक्त वास सुटेपर्यंत ठेवायचा. तो लालसर झाला की कडवटपणाकडे झुकतो, आणि कडू म्हटलं की या वयात दार बंद. शेंगा घाला, परता, पाव वाटी पाणी, झाकण. ७-८ मिनिटांनी मोठ्यांना हव्या तशा होतात. इथे उलटं करायचं: मोठ्यांचा वाटा आधी काढून त्याला मीठ, वाटलेली मिरची लावा, आणि मुलाच्या पाच-सहा शेंगा दोन चमचे पाणी घालून आणखी ४-५ मिनिटं झाकून ठेवा. शेंग उभी धरली की टोक खाली वाकलं पाहिजे. हिरवा रंग थोडा मावळेल, मावळू दे.

फ्लॉवर, ब्रोकोली, कोबी

या तिघांचं एक गुपित आहे आणि ते भांड्यात नाही, घड्याळात आहे. यांच्यात गंधकयुक्त पदार्थ असतात. पाण्यात जितका वेळ उकळत ठेवाल तितका तो कोंदट वास वाढत जातो, घरभर पसरतो आणि मूल ताटावर बसण्याआधीच नाक मुरडतं. शिवाय कडू चव किती जाणवते हे माणसागणिक बदलतं. टीएएस२आर३८ या जनुकाच्या प्रकारावर त्यातलं बरंच अवलंबून असतं. त्यामुळे तुम्हाला गोडसर लागणारी ब्रोकोली तुमच्या मुलाला खरोखरच कडू लागत असू शकते. ते नाटक करतंय असं गृहीत धरू नका.

उपाय: उकळू नका, भाजा. ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर तापवा. तुरे मध्यम आकाराचे, प्रत्येक तुऱ्याला पकडायला देठ हवा. तेल चोळून ट्रेवर एकाच थरात, एकमेकांना न चिकटता पसरा. गर्दी झाली की भाजण्याऐवजी वाफवले जातात आणि सगळा खटाटोप वाया. २० ते २५ मिनिटं, अर्ध्यात एकदा उलटायचे. कडा तपकिरी झाल्या की खमंग वास येतो आणि कडवटपणा मागे पडतो. मीठ भाजण्याआधी न घालता ट्रे बाहेर आल्यावर, मुलाचा वाटा काढून, मग घाला. करपलेली कडक टोकं मुलाच्या तुऱ्यांवरून चिमटीने काढून टाका, ती टोचतात.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई. तुरे तेलात टाकून झाकण ठेवून मंद आचेवर ५ मिनिटं, मग झाकण काढून आच वाढवून न हलवता एक बाजू लाल होऊ द्या. सारखं ढवळण्याचा मोह आवरायचा, एवढंच कौशल्य.

कोबी मात्र मी मुलाच्या वाट्यापुरता अगदी बारीक, धाग्यासारखा चिरते आणि लोण्यात मंद आचेवर पूर्ण गळेपर्यंत ठेवते. जाड पट्ट्या चावून चावून तशाच बाहेर येतात.

रताळं आणि लाल भोपळा

रताळ्यात एक विकर (एन्झाइम) असतं जे साधारण ५७ ते ७७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान पिठूळ पदार्थाचं माल्टोज या साखरेत रूपांतर करतं. रताळं त्या तापमानातून जितकं सावकाश जाईल तितकं गोड लागतं. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये झटपट शिजवलेलं फिकं आणि ओव्हनमध्ये सालासकट सावकाश भाजलेलं मधासारखं. घाई नसेल त्या दिवशी अख्खी रताळी २०० अंशांवर पाऊण ते एक तास ठेवा. चिरून, लोणी लावून, मुलाला चमच्याने साल आणि गर वेगळा करू द्या.

भोपळ्याच्या इंचभर फोडी तेल आणि दालचिनीची चिमूट लावून २०० अंशांवर अर्धा तास. भोपळा फार मऊ होतो आणि बोटांतून निसटतो. फोडीच्या एका बाजूला साल राहू दिली तर पकड मिळते, गर खाऊन साल मूल ताटलीत ठेवतं. मोठ्यांच्या फोडींवर मीठ, लाल तिखट, भाजलेले तीळ.

मटार: दहा मिनिटांची भाजी

गोठवलेले मटार घरात ठेवण्यात कमीपणा नाही. तोडणीनंतर लवकर गोठवलेले असल्यामुळे ते दोन-तीन दिवस दुकानात पडलेल्या शेंगांपेक्षा कित्येकदा सरस निघतात. फक्त पाकिटावर तसेच खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते पूर्ण शिजवा. फ्रीझरमधून काढून कोशिंबिरीत टाकू नका. गोठवण्याने सगळे जंतू मरत नाहीत.

उकळत्या पाण्यात ३-४ मिनिटं, निथळा, लोणी आणि पुदिन्याची दोन बारीक चिरलेली पानं. आता झाऱ्याने किंवा बटाटा कुस्करण्याच्या मॅशरने सगळेच मटार अर्धवट चेपा, मोठ्यांचेही. जाडसर, खडबडीत लगदा होतो आणि तो चमच्यावर टिकतो. मुलाचा वाटा काढा, उरलेल्यात मीठ, लिंबू, मिरपूड. अख्खे मटार चिमटीत धरून एकेक उचलण्याचा खेळ मुलांना फार आवडतो हे खरं. तेव्हा थोडे दाणे अंगठ्याने एकेक चपटे करून बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी लंगोटात मटाराची सालं जशीच्या तशी दिसली तर घाबरू नका.

पालक आणि बटाटा

पालकाची दोरी होते हे वर आलंच. म्हणून शिजवण्याआधी चिरायचा, तोही दोनदा: एकदा उभा, एकदा आडवा. पाव किलो पाला डोंगरासारखा दिसतो आणि शिजून जेमतेम वाटीभर उरतो, तेव्हा अंदाज चुकवू नका. लोण्यात लसूण, त्यावर पालक, झाकण न ठेवता ३ मिनिटं. तेवढ्यात सुटलेलं पाणी आटतं. मग उकडून गरम असतानाच कुस्करलेल्या तीन बटाट्यांत तो मिसळा आणि दोन-तीन चमचे दूध घाला. पालकातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे दातांवर जो खरखरीत भाव येतो, तो दुधाने बराच कमी जाणवतो. थंड बटाटा कुस्करला तर गुठळ्या राहतात, आणि मिक्सरमध्ये फिरवला तर गोंदासारखा चिकट होतो. हातानेच कुस्करा.

बीट

सालासकट, देठाचा बोटभर तुकडा ठेवून उकडा, म्हणजे रंग पाण्यात गळत नाही. कुकरमध्ये १५-२० मिनिटं. साल चोळून निघते. किसून घट्ट दह्यात मिसळा, मुलाचा वाटा काढा, मग मीठ आणि हवं तर मिरची. दही फ्रिजमधलं थंडगार नको. कपड्यांना डाग पडतील, आणि शी-शू गुलाबी होऊ शकते. डायपर बदलणाऱ्या आजी-आजोबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर अर्ध्या रात्री डॉक्टरांना फोन जातो.

ढोबळी मिरची आणि टोमॅटो

ढोबळी मिरचीची साल गळ्यात चिकटते. तेलात उभे काप मंद आचेवर झाकून २० मिनिटं शिजवले की साल सैल होऊन कड दुमडते. मुलाच्या कापांची ती ओढून काढा. त्यानंतरच टोमॅटो घाला, आधी नाही, कारण पेक्टिनचा मुद्दा इथेही लागू आहे. लाल आणि पिवळी मिरची हिरवीपेक्षा गोड असते, सुरुवात तिथून करा.

संध्याकाळचा क्रम

एका जेवणाला दोन भाज्या पुरे: एक मुलाच्या ओळखीची, एक नवी किंवा आधी नाकारलेली. दोन्ही नव्या कधीच नकोत. ओव्हन किंवा झाकण ठेवून आपोआप होणारी एक आणि कढईपाशी उभं राहून करायची एक, अशी जोडी जमवा. आधी ओव्हन तापत ठेवा, फ्लॉवर किंवा भोपळा चिरून आत टाका. तो भाजला जाईपर्यंत गाजर किंवा फरसबी होते. मटार सगळ्यात शेवटी. मुलाचा वाटा पसरट ताटलीत आधी काढून ठेवला की मोठ्यांचं वाढेपर्यंत तो कोमट होतो. गरम घास एकदा जिभेला चटका देऊन गेला की ती भाजी बरेच दिवस बदनाम राहते.

चिरायला वेळ नसेल तर सकाळी चिरून झाकलेल्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. त्याने थोडं पोषण कमी होतं, पण भाजी न होण्यापेक्षा हे बरं.

मुलाला कामाला लावा. दोन वर्षांचं मूल फरसबीची टोकं मोडतं, पालकाची पानं देठापासून तोडतं, मटार सोलतं. पसारा होतो आणि वेळ दुप्पट लागतो, म्हणून हे सुटीच्या दिवशी.

ताटावर बसल्यावर

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची वाटणी मला सगळ्यात कामाची वाटते: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला सोपं आहे, पाळायला कठीण, कारण दुसरा भाग पाळताना आपल्याला तोंड मिटून बसावं लागतं. "एकच घास घे ना सोन्या" हाही आग्रहच.

प्रमाणाबद्दल एक ढोबळ अंदाज चालतो: वयाच्या दर वर्षाला एक मोठा चमचा भाजी. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे. त्याहून जास्त वाढून मग "काहीच खाल्लं नाही" म्हणायचं, यात मुलाचा दोष नाही. नवी भाजी असेल तर एकच फोड ठेवा, ताटाच्या कडेला. ती चाटली, चेपली, खाली टाकली तरी ओळख वाढली. नवा पदार्थ स्वीकारण्याआधी तो आठ-दहा ते पंधरा वेळा समोर यावा लागतो, असं या विषयावरच्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. आपण बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या वेळी हात टेकतो आणि "आमच्याकडे फ्लॉवर चालत नाही" असं जाहीर करून टाकतो, तेही मुलाच्या देखत. दोन वर्षांच्या पुढे अनोळखी खाण्याची धास्ती वाढणं हा वाढीचाच भाग आहे. काल आवडीने खाल्लेलं गाजर आज नको, हेही त्यात आलं.

भाजी खाल्लीस तर गोड मिळेल, हा सौदा टाळा. त्यातून मूल एवढंच शिकतं की गोड हे बक्षीस आणि भाजी ही शिक्षा. भाजी वाटून इतर पदार्थांत लपवण्याबद्दल मला आक्षेप नाही, पोटात जाते ती जाते. पण तेवढंच केलं तर मुलाला फ्लॉवर कसा दिसतो हे कळणार कधी? लपवलेली चालेल, सोबत एक फोड उघडी हवी.

आणि मूल जेवतच नसेल तर आधी दुधाचा हिशोब करा. या वयात दिवसाला ३५०-४०० मिली दूध बहुतेक मुलांना पुरतं. अर्ध्या लिटरच्या वर गेलं की भूक मरते आणि लोहाची कमतरता होण्याचा धोकाही वाढतो. जेवणाआधीचे दोन तास दूध, रस, बिस्किटं बंद ठेवा. भुकेलं मूल आणि तुमच्या ताटातलीच भाजी, एवढ्यावर बरंच काम होतं.

उरलेल्या भाजीचं काय

मुलाच्या ताटलीत उरलेली, उष्ट्या चमच्याची भाजी ठेवू नका. लाळेतले जंतू त्यात वाढतात. कढईत उरलेली भाजी दोन तासांच्या आत, उथळ डब्यात, फ्रिजमध्ये. दोन दिवसांत संपवा, आणि गरम करताना आतपर्यंत वाफ निघेल इतकी एकदाच करा. पुन्हा पुन्हा नाही.

बिनमिठाची बाजूला काढलेली भाजी जास्त झाली असेल तर तिच्या टिकिया करा: गाजर, मटार, फ्लॉवर, जे असेल ते कुस्करून वाटीभर, एक अंडं किंवा उकडलेला बटाटा, बांधण्यापुरतं कोणतंही पीठ दोन चमचे, जिऱ्याची पूड. गोळे चपटे करून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी सोनेरी भाजा. अंडं घातलं असेल तर मधोमध दाबून बघा, आतून ओलसर राहता कामा नये. मिश्रण सैल झालं तर पीठ वाढवण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्याने घट्ट होतं आणि टिकिया मऊ राहतात.